दोन आया असताना मुलगा दफ्तरी बिनआईचा ठरल्याबाबत

मौजे कुंगेय-साझ
दि. २४ मार्च २०१९

प्रति,
मा. जिल्हा शिक्षणाधिकारी,
बालकल्याण व वसतिगृह शाखा,
तेशिक-तोर.

विषय : इयत्ता सातवीतील विद्यार्थी इल्गिझ याच्या दोन्ही आया हयात असल्याने त्यास निराधार मुलांच्या वसतिगृहात न नेण्याबाबत.

संदर्भ : १) आपले दि. १४ मार्चचे पत्र, 'मातृछत्र हरपलेल्या विद्यार्थ्यास प्रवेश मंजूर'.
२) सदर पत्राची पोच, जी अर्जदाराने स्वतःच घेतली आणि स्वतःच दिली.

महोदय,

अर्जदार चिनारा, वय ३५, गावच्या टपाल कार्यालयात खिडकीवर काम करते. अर्जात 'मी' लिहू नये, 'अर्जदार' लिहावे, असे आमच्या खात्यात शिकवतात, म्हणून तसे लिहिले आहे. घाईत कुठे 'मी' आलाच तर तो खोडून वाचावा. येत्या एक तारखेला सकाळी आठ वाजता आपली गाडी मुलाला न्यायला येणार आहे. म्हणजे हातात आठवडा राहिला, आणि मजकूर पुष्कळ आहे.

१. अर्जदारास तीन मुलगे आहेत. इल्गिझ तेरा वर्षांचा, सांजार दहाचा आणि बाकित सातचा. पैकी इल्गिझ पहिलटकरणीचा. आपणही याच मुलखातले आहात, तेव्हा पहिला मुलगा आजीआजोबांचा असतो हे आपल्याला सांगायला नको. चाळिसाव्या दिवशी चाळीस चमचे पाण्याने त्याला न्हाऊ घातले, आणि अंग पुसायच्या आधीच सासूबाईंनी त्याला आपल्या कोटात गुंडाळले. म्हणाल्या, "हा माझा. तू अजून पोर आहेस, तुला आणखी होतील." झालेही. त्यामुळे तक्रारीला जागा नाही.

तेव्हापासून इल्गिझ सासूबाईंना 'आपा' म्हणतो, म्हणजे आई. अर्जदाराच्या पतीला, म्हणजे एर्मेक यांना, दादा म्हणतो. आणि अर्जदारास वहिनी म्हणतो. घर एकच आहे. त्यांच्या चुलीपासून आमच्या चुलीपर्यंत अकरा पावले. हे अंतर अर्जदाराने दुधाचे भांडे घेऊन, तापातल्या पोराला घेऊन आणि एकदा जळती चूल घेऊनही मोजलेले आहे.

२. तिन्ही मुलांचा अभ्यास अर्जदार घेते, कारण दुसरे कोणी घेतले तर काय होते ते पाहिलेले आहे. सासऱ्यांनी एकदा इल्गिझला गणित घातले. एका कळपात चाळीस मेंढ्या, लांडग्याने तीन नेल्या, तर किती उरल्या? मुलगा म्हणाला, सदतीस. सासरे म्हणाले, "चूक. कुत्रा कुठं होता हे आधी विचारायला पाहिजे." मुलाने परीक्षेत प्रत्येक उदाहरणाखाली 'कुत्रा कुठे होता?' असे लिहिले. त्या वर्षापासून गणित अर्जदाराकडे आले.

मंगळवारी कुस्ती, बुधवारी कोमुझ या तंतुवाद्याचा वर्ग, शुक्रवारी बुद्धिबळ. तिघांची वाद्ये, लंगोट आणि वह्या एकाच पिशवीत जातात आणि भलत्याच खोलीत निघतात. सांजार एकदा कुस्तीच्या आखाड्यात कोमुझ घेऊन उतरला होता. वाद्याची एक तार अजून गुरुजींच्या टोपीत आहे.

३. आता मूळ विषय. सात वर्षांपूर्वी इल्गिझला पहिलीत घातले. सासरे त्याला घोड्यावर पुढे बसवून घेऊन गेले, वडील म्हणून स्वतःचे नाव सांगितले, आणि घोडा शाळेची फुले खातो म्हणून घाईने बाहेर गेले. उरलेला फॉर्म अर्जदाराने भरला. मुलाच्या बुटाचा नंबर, वजन, झालेले आजार, घाबरतो कशाला (कोंबड्यांना), सगळे लिहिले. फक्त 'आईचे नाव' ही चौकट कोरी राहिली.

ती का राहिली हे साहेबांना कळेलच, पण कारकून शहरातली होती, तिला कळले नाही. सून सासूचे नाव घेत नाही. तोंडानेही नाही, लेखणीनेही नाही. अर्जदार लग्न होऊन आली त्या दिवसापासून आजवर ते नाव तिने घेतलेले नाही. सासूबाईंचे नाव एका फळावरून ठेवलेले असल्याने ते फळसुद्धा आमच्या घरात 'लाल गोल' म्हणून ओळखले जाते. हे इतके अंगवळणी पडले आहे की बाकितने पहिलीच्या चाचणीत फळाच्या चित्राखाली 'लाल गोल' असेच लिहिले आणि त्याला भोपळा मिळाला. बाईंनी समजावले तर म्हणाला, "बाई, त्याचं खरं नाव घेतलं तर आई ओरडते." त्या भोपळ्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. केवळ पार्श्वभूमी म्हणून कळवले.

तर, अर्जदाराने कारकूनबाईंना तोंडी सांगितले, "त्याच्या आईचं नाव मी घेत नाही." त्या बिचारीने भलताच अर्थ घेतला असावा, कारण तिने अर्जदाराच्या हातावर हात ठेवला आणि पुढचे काही विचारले नाही.

४. चौकट सात वर्षे कोरी होती आणि कुणाचेही काही अडले नव्हते. गेल्या हिवाळ्यात जुन्या नोंदवह्या संगणकावर चढवल्या. संगणक कोरी चौकट घेत नाही. 'हयात' दाबले की नाव मागतो, 'मयत' दाबले की काही मागत नाही. नव्या कारकुनाने 'मयत' दाबले. त्याच्यावर अर्जदाराचा राग नाही. टपालात आम्हीही पत्ता लागला नाही की 'सापडला नाही' असा शिक्का मारून मोकळे होतो.

५. पहिल्यांदा बूट आले. फरचे अस्तर असलेले, नवे कोरे, सोबत एक कोट. इल्गिझ म्हणाला, "शाळेनं दिले." अर्जदारास वाटले, भूमितीचे बक्षीस असेल. मग वर्गशिक्षिका डब्यातून बोर्सोक आणू लागल्या, कणकेचे, गरम, तुपात तळलेले, आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. चित्रकलेत त्याने घोडा काढला होता, जो बघणाऱ्याला पलंग वाटला असता. त्याला 'उत्कृष्ट' मिळाले. हे सगळे का चालले आहे हे इल्गिझला दुसऱ्याच आठवड्यात कळले होते. तो बोलला नाही. विचारले तेव्हा म्हणाला, "वहिनी, बूट बरोबर मापाचे होते गं."

सांजारचा जीव त्या बुटांवर जडला. त्याने मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन अर्ज केला, "मलापण बिनआईचं करा." मुख्याध्यापकांनी त्याला पाणी दिले आणि हाकलून दिले.

६. आठ मार्चला शाळेत मातांचा कार्यक्रम झाला. अर्जदार आणि सासूबाई पहिल्या रांगेत शेजारी शेजारी बसल्या होत्या. सासूबाईंनी मखमली जाकीट आणि पांढरा रुमाल घातला होता, कारण इल्गिझ गाणे म्हणणार होता. मुख्याध्यापकांनी त्याला मंचावर बोलावले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जिची जागा आज या सभागृहात रिकामी आहे, त्या माउलीसाठी आपण एक मिनिट उभे राहू या."

सगळे सभागृह उभे राहिले. आम्हीही राहिलो. मान खाली घातली. सासूबाईंनी डोळे पुसले. कोण गेले ते माहीत नव्हते, पण माउलीच ती, रडायला काय लागते. मुलगा मंचावरून आम्हा दोघींकडे बघत होता आणि त्याचे कान बुटांच्या अस्तरासारखे लाल झाले होते.

परतीच्या वाटेवर सासूबाईंनी विचारले, "पण गेलं कोण?" इल्गिझ म्हणाला, "आपा, तू." सासूबाई रस्त्यात थांबल्या. मग म्हणाल्या, "आणि मला कुणी सांगितलं नाही."

७. बातमी आमच्याआधी दरीपलीकडे पोहोचली. तिसऱ्या दिवशी सासूबाईंचे माहेरचे अकरा जण घोड्यांवरून, रीतीप्रमाणे लांबूनच आक्रोश करीत, फाटकाशी आले. फाटक सासूबाईंनीच उघडले. आलेला मनुष्य रडत असेल तर घरच्या बाईने रडूनच सामोरे जायचे असते. अंगी भिनलेली रीत, त्यांनीही सूर लावला. पुढे होऊन स्वतःच्या भावाच्या गळ्यात पडून त्या स्वतःसाठी रडल्या, आणि चांगल्या रडल्या. भाऊ म्हणाला, "बाई, तूच तर गेली होतीस ना?" त्या म्हणाल्या, "आधी आत या. बाहेर गार आहे."

त्यांनी आणलेली मेंढी तोवर कापून झाली होती. मांस परत करता येत नाही. तीन दिवस जेवणे चालली, आणि सासूबाई आपल्याबद्दल लोक काय चांगले बोलतात ते पंगतीला बसून ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः दोन आठवणींची भर घातली.

याच काळात सासऱ्यांना दोन स्थळे सांगून आली. एक विधवा आहे, डोंगरापलीकडे तिची चाळीस मधमाश्यांची खोकी आहेत. सासरे म्हणाले, "मी नाही म्हणणारच आहे. पण विचार करून नाही म्हणतो." ते विचार करीत असताना सासूबाई त्यांना अर्धा पेला चहा देत होत्या. भरलेला पेला म्हणजे पाहुण्याने आता उठावे, हे आपणास ठाऊकच आहे. चौथ्या दिवशी पेला काठोकाठ भरून आला, तेव्हा त्यांनी तत्काळ नकार कळवला.

८. इथवर सगळे हसण्यावारी नेण्यासारखे होते, आणि आम्ही नेलेही. पंधरा तारखेला सकाळच्या पिशवीत आपले पत्र आले. पाकिटावर सासऱ्यांचे नाव, पोच आवश्यक. अर्जदाराने शिक्का मारला, कुटुंबातील सज्ञान व्यक्ती म्हणून सही केली, आणि खिडकीच्या आतल्या बाजूला उभी राहून ते उघडले. 'पिता वृद्ध, माता मयत, सबब विद्यार्थ्यास जिल्हा वसतिगृहात प्रवेश. वाहन एक एप्रिल रोजी येईल.' सोबत सामानाची यादी होती. टॉवेल दोन, चमचा एक.

खिडकीबाहेर सहा माणसे रांगेत होती. अर्जदाराने सगळ्यांना चुकीची तिकिटे दिली.

९. अर्जदार त्याच दिवशी शाळेत गेली. कारकून भला आहे. म्हणाला, "जन्मदाखला आणा, लगेच दुरुस्त करतो." जन्मदाखला पेटीत होता. त्यात आई म्हणून अर्जदाराचे नाव आहे. कारकुनाने तो दाखला शाळेच्या नोंदीशेजारी ठेवला, जिथे वडील म्हणून सासऱ्यांचे नाव आहे. दोन्ही कागद नीट वाचले. मग अर्जदाराकडे पाहून अदबीने विचारले, "म्हणजे त्या गृहस्थांच्या आपण दुसऱ्या पत्नी का?" अर्जदाराने दाखला पिशवीत घातला आणि घरी आली.

दुसरा मार्ग दुरुस्तीच्या फॉर्मचा. तो सोबत जोडला आहे. त्याचा नियम असा की मूळ फॉर्म ज्या व्यक्तीने भरला, त्याच व्यक्तीने त्याच हस्ताक्षरात आईचे नाव लिहावे. म्हणजे अर्जदारानेच.

हा फॉर्म घेऊन अर्जदार नऊ दिवस रोज दुपारी बसते. एक नाव तिला लिहिता येत नाही. दुसरे नाव तिचे स्वतःचे आहे. ते लिहायला दोन क्षण लागतील, जन्मदाखलाही साक्षीला आहे, आणि मुलगा राहील. पण ते लिहिले की तेरा वर्षांपूर्वी कोटात गुंडाळून दिलेला मुलगा मी परत घेतला असे होईल, आणि ज्या बाईने त्याला दात येताना मांडीवर घेऊन चार महिने बसून झोप काढली ती कागदावर कुणीच उरणार नाही. तिला एकदा मयत केले आहे. दुसऱ्यांदा माझ्या हाताने नको.

१०. आपण विचाराल की मग या बाईला नेमके हवे तरी काय. अर्जदाराला हेवा वाटत नाही. थोडा वाटतो, खोटे कशाला लिहा. अपूर्णांक शिकवताना त्याच्या मानेवरचा भोवरा दिसतो, तो हुबेहूब अर्जदाराच्या वडिलांचा आहे. ताप आला की तो 'आपा, आपा' करतो आणि हात मात्र माझी बाही धरून ठेवतो. बाही कुणाची हे त्याला त्या वेळी कळत असेल का, हे अर्जदाराने कधी विचारले नाही. वहिनी म्हणतो, म्हणू दे. गोड म्हणतो. पण त्याला गाडीत बसवून नेताना फाटकाशी कोण उभे राहिले असे कुणी लिहिले, तर तिथे 'दोन शेजारणी' असे लिहू नये, एवढेच मागणे आहे.

११. तरी विनंती की,

अ) एक तारखेची गाडी पाठवू नये. पाठवायचीच असेल तर चालकाने जेवूनच जावे, पण रिकामे जावे.

आ) संगणकात 'हयात' दाबण्याची, आणि नाव मागितल्यास 'घरच्या सगळ्यांना माहीत आहे' एवढ्यावर भागवून घेण्याची सोय करावी.

इ) बुटांबाबत. उजवा बूट परत करीत आहोत. डावा कुत्र्याने खाल्ला. कोट सांजारच्या अंगावर आहे आणि तो त्यातच झोपतो. त्यास मुदत द्यावी.

ई) चित्रकलेतले 'उत्कृष्ट' काढून घेण्यास हरकत नाही. बाकितचा भोपळा मात्र जमल्यास परत पाहावा. उत्तर त्याला येत होते.

अर्ज लांबला. टपालाचे वजन वाढेल ते अर्जदार सोसेल. उत्तर धाडाल तेव्हा पोच मागू नये, खिडकीवर मीच असते आणि रांगेला पुन्हा चुकीची तिकिटे जातील.

आपली नम्र, आणि दफ्तर काहीही म्हणो, मुलाच्या घरातलीच,
चिनारा
(टपाल सहायक, कुंगेय-साझ)

सहपत्रे :
१) आपल्या पत्राची प्रत.
२) उजवा बूट, एक.
३) बाकितची चाचणी, लाल गोलासह.
४) दुरुस्तीचा फॉर्म, आईच्या नावाची चौकट कोरी.

शेरा (वेगळ्या हस्ताक्षरात, अर्जाच्या मागील बाजूस) :

साहेब, हा अर्ज सुनेनं पाकिटात घालून चिकटवला होता. मी वाफेवर धरून उघडला. सांजारनं वाचून दाखवला, मध्ये दोनदा हसला म्हणून त्याला कानाला धरून परत वाचायला लावलं.

मजकूर खरा आहे. पण पंगतीत मी दोन आठवणी नाही, चार सांगितल्या. आणि तो डावा बूट कुत्र्यानं खाल्ला नाही. तो मी पेटीत ठेवला आहे. माझ्या मरणाचा आहे, कुत्र्याला कशी देईन.

मुलगा माझा आहे. तो कुठे जाणार नाही. गाडी आलीच तर हे त्या चालकाला मी फाटकात उभी राहून सांगेन, आणि तो मला मयत म्हणाला तर बघेन.

आता चौथ्या कागदाचं. सुनेनं चौकट कोरी ठेवून धाडली होती. मी इल्गिझला हाक मारली आणि विचारलं, "अरे, एका चौकटीत दोन बायांची नावं बसतील का?" तो म्हणाला, "आपा, बारीक अक्षरात लिहिलंस तर बसतील." मी विचारलं, "तुला चालेल?" तर खाली बघून म्हणाला, "मनात मी दोघींनाही आईच म्हणतो. नुसतं तोंडानं म्हणायचं राहिलंय." मग गेला गुरं बघायला. मला चष्मा पुसावा लागला.

तुमचा नियम आहे की अक्षर मूळ फॉर्म भरणारीचंच हवं. हे अक्षर माझं आहे. मयत बाईचं अक्षर खरं की खोटं याची खात्री करायची असेल तर घरी या, चहा अर्धा पेला देईन.

माझं नाव आल्मा. म्हणजे सफरचंद, हे नातवाच्या चाचणीत दुरुस्त करून घ्या. सुनेला माझं नाव घेता येत नाही, ती रीत आहे आणि तिनं ती चौदा वर्षं पाळली. पण मला तिचं नाव घ्यायला कुणाची आडकाठी नाही. म्हणून चौकटीत दोन्ही नावं मीच लिहिली आहेत.

आधी तिचं लिहिलं आहे.